बारीक अक्षरं वाचणारे भाऊजी

डब्याबाटल्यांवरचा मजकूर, त्यातही सगळ्यात खालचा, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरातला मजकूर आमच्या भाऊजींइतक्या भक्तिभावानं वाचणारा दुसरा माणूस नागपूरपासून रायपूरपर्यंत सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. लोक पोथी वाचतात, पेपर वाचतात, कुणी हात वाचतं. भाऊजी फिनाइल वाचतात. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. राहणार गोंदियाजवळच्या कुडव्याला. अंगानं वाळक्या शेंगेसारखे, नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा आणि गळ्यात दोरीनं बांधलेलं भिंग. हार्डवेअरच्या दुकानात ते शिरले की दुकानदार आधी त्यांना बसायला स्टूल देतो, कारण आता हा माणूस तासभर हलणार नाही हे त्याला ठाऊक असतं. एकदा टर्पेंटाइनची बाटली घ्यायला गेले आणि फळीवरच्या सातही कंपन्यांच्या बाटल्या खाली काढायला लावून एकेकीचा पाठीमागचा कागद वाचत बसले. गिऱ्हाइकं खोळंबली. दुकानदार शेवटी कावून म्हणाला, "चाचा, लेना है कि पढ़ना है?" भाऊजींनी भिंगातून मान वर न करताच उत्तर दिलं, "पहले पढ़ना. पढ़ने के बाद लेने लायक रहा, तो लेना."

जे वाचायचं ते पाळायचं, हा त्यांचा दुसरा नियम, आणि आमच्या घरच्यांचे हाल होतात ते या दुसऱ्या नियमानं. माझ्या मुलीच्या लग्नाला ताईनं त्यांच्यासाठी केसांचा कलप आणला. त्या खोक्यावर लिहिलं होतं की आधी थोडासा कानामागे लावून अठ्ठेचाळीस तास वाट पाहावी, आग झाली नाही तरच डोक्याला लावावा. अशी वाट बघणारा माणूस कलपवाल्या कंपनीनंही कधी पाहिला नसेल. पण भाऊजींनी वाट पाहिली. त्यामुळे मुर्री गावच्या मांडवात मुलीचे मोठे फुफाजी, म्हणजे आतोबा, पांढऱ्याशुभ्र डोक्यानं आणि कानामागे रुपयाएवढा काळा डाग घेऊन अक्षता टाकत उभे होते. व्याह्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नजर लागू नये म्हणून का हो?" लग्न सोमवारी झालं. मंगळवारी, वऱ्हाड परत गेल्यावर, मुदत संपली आणि भाऊजींनी केस काळे केले.

त्यांच्या घरातली एकही वस्तू बिननावाची नाही. पाण्याच्या बाटलीवर 'पाणी, पिण्याचे' आणि भरल्याची तारीख. राख भरलेल्या डब्यावर 'राख'. मिठाच्या बरणीवर 'मीठ', आणि खाली लाल शाईनं 'बीपीवाल्यांनी जपून'. कुठल्याही भांड्याला ते थेट नाक लावत नाहीत. भांडं हातभर दूर धरून दुसऱ्या हातानं वाफ हळूहळू आपल्याकडे ओढतात आणि मग बेताचा श्वास घेतात. रसायन ओळखायची ही रीत चहालाही लागू, वरणालाही लागू. ताई एकदा वैतागून म्हणाली, "माह्या पाठीवर तेवढी चिठ्ठी लावाची राहिली तुमची." भाऊजी म्हणाले, "तुह्या खबरदाऱ्या माले पाठ आहेत. लिहाची गरज नाही."

रविवारी मात्र ते घरी नसतात. बायको आजारी असो की पाऊस कोसळत असो, पुठ्ठ्यांचा गठ्ठा स्कूटरला बांधून ते एखाद्या राईस मिलमध्ये, एखाद्या गोदामात, कधी गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजात जातात आणि दुपारच्या सुट्टीत मजुरांना चित्रं दाखवतात. रसायनांच्या डब्यांवर लाल काठाचे तिरपे चौकोन असतात ना, आत काळी चित्रं असलेले, तेच त्यांनी थाळीएवढे मोठे करून काढले आहेत. एकदा मी बरोबर गेलो होतो. पाण्याकाठी पालथी पडलेली मासोळी आणि वाळलेलं झाड असलेलं चित्र त्यांनी वर धरलं आणि विचारलं, "हे का सांगून राह्यलं?" सालेकशाकडचा एक म्हातारा हमाल लगेच म्हणाला, "इथं मासोऱ्या भेटतेत." सगळे हसले. मग छातीत चांदणीसारखी भेग पडलेला माणूस दाखवला. एक बाई हात जोडून म्हणाली, "हनुमानजी." मीही तोंडाला रुमाल लावला. भाऊजी हसले नाहीत. ते म्हणाले, "बाई, हा हनुमान नोहे. ह्या डब्यातली वाफ रोज रोज छातीत गेली, तर आतून असं फाटते. आज नाही समजत. दहा सालानं समजते." मग त्यांनी दोन नळ्यांतून थेंब पडून एक हात खाल्ला जात असल्याचं चित्र काढलं. ते मात्र त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ वर धरून ठेवलं. तिथल्या लोकांना वाटलं, म्हातारा पुढचं विसरला.

आता इतकं सांगितलंच आहे, तर पुढचंही सांगतो. भाऊजी जन्मापासून असे नव्हते.

आठ-नऊ वर्षांपूर्वी ते उसना, म्हणजे उकडा, तांदूळ काढणाऱ्या एका मोठ्या मिलमध्ये स्टोअर सांभाळत. अकरा वर्षं झाली होती. मिलच्या बॉयलरच्या नळ्यांत क्षार बसतो, तो काढायला ॲसिड लागतं. त्याचा एक मोठा निळा ड्रम स्टोअरच्या कोपऱ्यात असायचा. ड्रमवर चिठ्ठी होती, पण इंग्रजी आणि बारीक. अकरा वर्षांत भाऊजींनी ती एकदाही वाचली नव्हती. त्यांना एवढंच माहीत होतं की हे ॲसिड आहे, जपून वापरायचं. मोऱ्या आणि फरशा घासायला त्यातलंच थोडं पाणी मिसळून द्यावं लागे. ड्रम कोण उचलणार? म्हणून भाऊजी पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत ते भरून ठेवायचे आणि मागेल त्याला द्यायचे. सगळ्याच मिलमध्ये तसं चालायचं. बाटलीवर काही लिहावं असं कुणालाच वाटलं नव्हतं.

त्या मिलमध्ये, भाऊजी लागले तेव्हापासूनच, सुगंताबाई नावाची एक बाई झाडलोट करायची. बिरसी गावाहून यायची, चाळिशीची असेल, नवरा आधीच गेलेला, एक मुलगी शाळेत. मे महिन्यातली दुपार होती. गोंदियातला मे म्हणजे पत्र्याखाली माणूस भाजून निघतो. कोणीतरी अर्धी वापरलेली बाटली आणून पिण्याच्या माठाशेजारी ठेवून दिली होती. सुगंताबाई अंगण झाडून आली, माठ रिकामा होता, तिनं बाटली उचलली आणि तोंडाला लावली. तहानलेलं माणूस घोट चाखत नाही, गिळतं.

ओरडा ऐकून भाऊजी पहिले धावले. आणि त्यांना जे सुचलं ते त्यांनी केलं. विषारी काही पोटात गेलं तर उलटी काढायची, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यांनी ग्लासभर मिठाचं पाणी केलं आणि तिला पाजलं. तिला उलटी झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कोणतं ॲसिड? किती तीव्र? बाटलीवर काय लिहिलंय?" भाऊजी म्हणाले, "काहीच नाही." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "उलटी कोणी करवली?" भाऊजी म्हणाले, "मी." डॉक्टर नर्सला म्हणाले, "नागपूरला न्यावं लागेल."

संध्याकाळी भाऊजी मिलमध्ये परत गेले, स्टोअर उघडलं आणि त्या निळ्या ड्रमसमोर उकिडवे बसून पहिल्यांदा चिठ्ठी वाचली. इंग्रजी अडखळत वाचत, एकेक शब्द डिक्शनरीत पाहत. मूळ डब्यातून दुसऱ्या भांड्यात काढल्यास त्यावरही नाव आणि धोका लिहावा. खाण्यापिण्याच्या भांड्यात कधीही ठेवू नये. पोटात गेल्यास तोंड पाण्यानं धुवावं, ताबडतोब डॉक्टरकडे न्यावं, सोबत ही चिठ्ठी न्यावी. आणि त्याखाली, सगळ्यात बारीक अक्षरात: उलटी करवू नये. जे जाताना जाळतं, ते येतानाही जाळतं. हे शेवटचं वाक्य ड्रमवर नव्हतं, ते नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. पण भाऊजी दोन्ही एकाच दमात सांगतात.

सुगंताबाई वाचली. पण अन्ननलिका आकसून दोरीसारखी झाली होती, आणि आवाज गेला. पेज, दूध, अंबील, एवढंच तिला गिळता यायचं. बोलायची ती नुसत्या श्वासानं. महिन्या-दोन महिन्यांनी नागपूरला जाऊन नळी रुंद करून घ्यायची, पुन्हा ती आकसायची.

चौकशीला कारखाना निरीक्षक आले. त्याच्या आदल्या दिवशी मालकांनी भाऊजींना बोलावून सांगितलं की बाटलीवर चिठ्ठी होती असं सांगा, बाईनं घाईत पाहिली नाही, विषय संपेल. भाऊजी ऑफिसातून निघाले ते थेट माझ्याकडे आले. मी शाळेत मास्तर. घरातले लोक माझ्याकडे सल्ल्याला येतात, जणू फळ्यावर लिहिणाऱ्याला सगळं कळतं. ते म्हणाले, "का करू गा?" आणि मी, ज्यानं वर्गात शंभरदा सत्यावर निबंध लिहून घेतला, मी म्हणालो, "भाऊजी, चूप राहा. तुमची दोन लेकरं शिकून राहिली. ताईचा विचार करा. बाई वाचली ना?" दुसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठी होती असं सांगितलं आणि कागदावर सही केली. कागदात लिहिलं गेलं: मजुराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

तेव्हापासून हे वाचन सुरू झालं. आधी स्टोअरमधलं सगळं वाचलं. मग प्रत्येक रसायनाबरोबर कंपनीकडून येणारे माहितीचे कागद, जे आजवर फायलीत न उघडता लावले जात, ते मागवून वाचले. धोका काय, हात कशानं झाकायचे, सांडलं तर काय करायचं, कशाजवळ काय ठेवायचं नाही. त्याचं मराठी करून माझ्याकडून तपासून घ्यायचे. मिलमधल्या प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लागली. लोक हसायला लागले. घरीही चिठ्ठ्या लागल्या तेव्हा आम्ही हसायला लागलो. दर रविवारी ते बिरसीला जात, सुगंताबाईसाठी दूध, केळी, साबुदाणा नेत. अंगणात बसत, काही बोलत नसत, परत येत. ताईला वाटायचं, माणूस दयाळू आहे. मला माहीत होतं, पण मी गप्प होतो.

दीड वर्षानं एका सकाळी ते शाळा भरायच्या आधीच माझ्या दारात उभे. म्हणाले, "कागद घे. निरीक्षकाले अर्ज लिहाचा आहे." मी लिहायला बसलो. माझं सरकारी मराठी चांगलं आहे. मी लिहिलं, 'सदर बाटली माझ्यामार्फत भरण्यात आली होती व तीवर चिठ्ठी लावण्याचे राहून गेले होते.' वाचून दाखवलं. भाऊजी म्हणाले, "भरण्यात आली नाही. मी भरली. राहून गेले नाही. मी लावली नाही. असं लिही." मी म्हणालो, "भाऊजी, नोकरी जाईल." ते म्हणाले, "गा, तिच्या नावावर लिहून ठेवलं आपण, का तूच निष्काळजी. घसा तिचा जळला अन् चूकबी तिचीच? खोडून टाक." आपण, म्हणाले ते. तू किंवा मी नाही. मी खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

पण अर्ज द्यायच्या आधी त्यांना बिरसीला जायचं होतं. मीच त्यांना गाडीवर घेऊन गेलो. धान कापून झालं होतं, शेतातल्या बांध्या उघड्या पडल्या होत्या. सुगंताबाई अंगणात खाटेवर बसली होती, मुलगी ललिता पेज गाळत होती. भाऊजी खाटेसमोर जमिनीवर बसले. कसंबसं म्हणाले, "बाई, ती बाटली मी भरली होती. अन् मीठपाणीबी मीच पाजलं. ते पाजाचं नोहतं." तेवढ्यात बिरसीच्या धावपट्टीवरच्या, विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेचं लहान विमान डोक्यावरून घरघरत गेलं. तिथं ती दिवसभर फिरतात. सुगंताबाईचे ओठ हलले, पण श्वासाच्या आवाजावर विमानाचा आवाज बसला. विमान दूर जाईपर्यंत आम्ही तसेच बसलो. भाऊजी म्हणाले, "आयकू नाही आलं, बाई." तिनं पुन्हा सांगितलं, "माले मालूम होतं, बाबूजी. स्टोअरातल्या बाटल्या तुमीच भरत होते ना. मी का आंधरी होती?" मग दम घेऊन म्हणाली, "दीड साल झालं येऊन राह्यले. तुमी कवा सांगता, हेच पाहून राह्यली होती मी."

भाऊजींनी मान खाली घातली. मला वाटलं, आता ती म्हणेल जाऊ द्या, झालं ते झालं. आपल्याकडे असंच म्हणतात. सुगंताबाई म्हणाली, "सांगतलं, चांगलं केलं. पन माह्या घशाले त्याचा काई फरक नाही पडत." आणि ललितेनं आणलेली पेज ती चमच्यानं पिऊ लागली. एकेक चमचा गिळायला तिला इतका वेळ लागत होता की तेवढ्यात विमान पुन्हा एक फेरी मारून आलं.

अर्ज दिला. भाऊजींची नोकरी त्याच आठवड्यात गेली. चौकशी पुन्हा उघडली, निष्काळजीपणाचं ते वाक्य कागदावरून निघालं आणि सुगंताबाईला कायद्यानं जे मिळायचं ते उशिरा का होईना मिळालं. भाऊजी कुडव्याच्या एका कृषी केंद्रात लागले. तिथंही फवारणीचं औषध घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला ते डब्यावरचा रंगीत त्रिकोण समजावल्याशिवाय सोडत नाहीत. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य, पण पिऊन पाहण्याइतका कोणताच सौम्य नाही. रविवारची बिरसीची फेरी सकाळी होऊ लागली आणि दुपारी पुठ्ठे घेऊन मजुरांकडे; कधी तेच पुठ्ठे आधी बिरसीच्या अंगणात मांडले जात, ललिता पाहायची. सुगंताबाईनं त्यांना कधी या म्हटलं नाही, येऊ नका असंही म्हटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. अन्न पुरत नव्हतं, तब्येत झिजत गेली होती, शेवटी तापाचं निमित्त झालं. तेरवीला आम्ही दोघं गेलो. भाऊजी पंगतीत बसले, पण घास हातातच राहिला. ललिता वाढत होती. त्यांच्या पानाजवळ ती थांबली आणि पुढे गेली. परतताना गाडीवर मागून भाऊजी म्हणाले, "आता रविवारी कुठं जाऊ?" मी म्हणालो, पुठ्ठे घेऊन जा. ते म्हणाले, "ते तर आहेच."

मधल्या काळात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. भिंगानंही भागेना. ऑपरेशनची तारीख लांबली. बारीक अक्षरं दिसेनाशी झाली, स्कूटर बंद झाली, रविवारच्या फेऱ्याही तेवढ्यापुरत्या थांबल्या, तशी त्यांची चिडचिड वाढली. ताईनं आणलेला साबणसुद्धा ते हातात घेऊन नुसतेच बसून राहत.

परवा रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. ताटं वाढली होती. भाऊजींचा फोन वाजला. त्यांना नाव दिसेना, म्हणून मी पाहिलं. ललिता होती. ती आता गोंदियातल्या एका खासगी दवाखान्यात सफाईचं काम करते. तेरवीनंतर तिचा हा पहिलाच फोन. मी स्पीकर लावला.

"बाबूजी, मी ललिता. इथं दोन डबे देल्ले आहेत, संडास घासाले. सुपरवायझर म्हनते का दोन्ही एकाच बादलीत टाक, दाग लवकर निंगते. एका डब्ब्यावर हात जळते ते चित्र आहे. तुमी ते बिरसीले दाखवत होते ना आमच्या आंगनात, ते. काऊन का, माले भेव लागून राह्यला."

भाऊजी ताटावरून उठले. "टाकू नोको! आधी बाहेर ये. दोन्ही डब्ब्यांचा फोटो पाठव. मागच्या बाजूचा."

फोटो आले. मी मोठे करून वाचू लागलो, भाऊजी डोळे मिटून ऐकत उभे. एकात ॲसिड होतं. दुसरं ब्लीचिंगचं द्रावण. त्यावर खाली लिहिलं होतं: ॲसिडमध्ये मिसळू नये, विषारी वायू निघतो.

"आयकलं का, पोरी? मिसळलं का गॅस निंगते. बंद संडासात माणूस पडते. एक आज, एक उद्या. मधात भरपूर पानी. दार उघडं. हातात मोजे. अन् सुपरवायझरले माले फोन लावाले सांग."

"हो." मग म्हणाली, "जेवले का, बाबूजी?"

"जेवून राह्यलो."

"जेवा मंग," म्हणाली आणि फोन ठेवला.

भाऊजी पुन्हा पाटावर बसले. वरण गार झालं होतं. ताई गरम करायला उठली, त्यांनी हातानंच नको म्हटलं. ते भातावर बोटं ठेवून बसले होते. मला वाटलं, समाधान वाटत असेल त्यांना. मी तसं म्हणालोही.

ते म्हणाले, "अकरा सालं ती माह्या स्टोअरासमोरून रोज जात होती गा. बोलत असनच ना कोणाशी. हासत असन." मग भात कालवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "कितीबी आठवून पाहिलं, माले तिचा आवाज आठवून नाही राह्यला."